लहान मुलांचा वॉर्ड

आई, काल सकाळी मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून मी घरात नुसती फिरते आहे. पोळ्या केल्या, छोटीच्या गोळ्या दिल्या, दाराला कुलूप लावलं आणि लावलं की नाही म्हणून पुन्हा जाऊन पाहिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘काहून अशी भिंगरीवानी फिरून राहिली, बस न एका जागी.’ म्हणून बसले आहे, आणि बसले आहे तर तुला लिहिते आहे. तू जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुला लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण तुला सांगायचं राहिलं आहे असं माझ्याकडे काही नव्हतं. असं मी समजत होते.

बँकेतून मुदतीआधी रिटायर झाल्यावर मी काय करते, हे तुला ठाऊक नाही. चौबे कॉलोनीत एका घराच्या खालच्या दोन खोल्यांत आम्ही चारपाच जणी मिळून मदत कक्ष चालवतो. ज्यांची मुलं उशिरा बोलतात, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना अक्षर लागत नाही, त्यांचे आईबाप येतात. दिव्यांग प्रमाणपत्र कुठे मिळतं, मेडिकल बोर्ड कोणत्या वारी बसतो, शाळेनं ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हटलं तर तिला काय लिहून द्यायचं, परीक्षेला लेखनिक कसा मागायचा, असं सगळं. कायद्यात बरंच काही आहे, आई. पण कागद एका भाषेत असतो आणि माणूस दुसऱ्या भाषेत उभा असतो. आम्ही मधे बसून कागद वाचून देतो, एवढंच. आणि नव्या बाया आल्या की मी त्यांना छोटीची गोष्ट सांगते. माझ्या बहिणीला माझ्याच शाळेनं घेतलं नाही, उलट तिला वॉर्डात भरती करा म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा माझ्या आईला विचारायला कोणी नव्हतं, तुम्हाला आम्ही आहोत. ही गोष्ट ऐकली की बाया डोळे पुसतात आणि मग मोकळं बोलायला लागतात. किती वेळा सांगितली असेल त्याला मोजमाप नाही. एकदा सभेत माईकवर सांगितली. टाळ्या पडल्या होत्या.

काल पुरानी बस्तीतून एक कुटुंब आलं. आजी, सून आणि दहा वर्षांची मोठी नात. लहान नात सहा वर्षांची, जिच्यासाठी आले होते ती घरीच होती. आजी आपल्याच बोलीची. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, “म्याडम, आमाले ते पेन्शनचं फारम भरून द्या. शाळाबिळा काही नको.” मी विचारलं, शाळा का नको, सहा वर्षांची तर आहे. “शाळाच तर मागं लागली न! पोरीले वार्डात टाका म्हणते. तीन हप्ते झाले, घरी ठेवली आम्ही तिले. आमच्या खानदानात कोणी पागल हाय काय?” सून खाली मान घालून बसलेली. ती हिंदीत म्हणाली, “दीदी, लेटर आया था स्कूल से.” कोणी वाचलं पत्र, म्हटलं. आजीनं मोठ्या नातीच्या पाठीवर हात ठेवला. “हे वाचते न आमची. इंग्लिश मीडियमवाली हाय.”

तो हात मी पाहिला, आई. पाठीवर सपाट ठेवलेला, थोडा पुढे ढकलणारा. तेव्हाच मला काहीतरी झालं होतं, पण काय ते समजलं नाही. मुलीनं दप्तराच्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला आणि धडा म्हणावा तसा धडाधड सांगून टाकला, “इसमें लिखा है, आपकी वार्ड को रिसोर्स रूम में एडमिट करेंगे, स्पेशल केयर के लिए. मतलब हॉस्पिटल जैसा, भर्ती.” आमच्याकडे एक तरुण मुलगी आहे, स्पेशल एज्युकेटर, तिला हसूच आवरेना. “अरे बेटा, वार्ड मतलब तुम्हारी बहन! गार्जियन का बच्चा, उसको वार्ड बोलते हैं. हॉस्पिटल कहाँ से आ गया?” मग सून हसली, रडता रडता हसली. आजीनं कपाळावर हात मारला, “हात वो! आन् म्या साऱ्या पाऱ्यात, मोहल्ल्यात सांगून राहिली का शाळा पागलखान्यात धाडते! हेच शिकवते काय तुले तिथं?” सगळ्या हसत होत्या. ती मुलगी हसत नव्हती. तिचे कान लाल झाले होते. आणि मीही हसत नव्हते.

माझ्या हातात तो कागद होता आणि मला त्यावरचं एकही अक्षर दिसेना. मला आपली ब्राह्मणपाऱ्यातली ती मागची खोली दिसत होती. तू शेगडीजवळ बसून सुपात लाखोळीची डाळ निवडते आहेस. छोटी तुझ्या पाठीला पाठ लावून बसली आहे आणि डाळीचे दाणे फरशीवर एकापुढे एक मांडते आहे. मी पाचवीत. युनिफॉर्म अजून अंगावर आहे. दप्तरातून लिफाफा काढते, तू हात पुसतेस, उघडतेस, उलटा धरतेस, सरळ करतेस आणि मला परत देतेस. “काय म्हणून राहिला हा कागद?” तू असंच विचारायचीस. बिजलीचा कागद, औषधाच्या बाटलीवरचा कागद, बाबांच्या ऑफिसातून आलेला कागद. बाबांच्या जागेवर तुला रेल्वेच्या ऑफिसात पाणी द्यायची, फायली न्यायची नोकरी लागली होती. तिथे दहा बाबू होते इंग्रजी वाचणारे. पण तू म्हणायचीस, “आपल्या घरची गोष्ट साह्यबाच्या टेबलावर काहून न्यायची? माही पोट्टी वाचते न.” शेजारच्या काकू ओट्यावर असल्या तर हे तू जरा मोठ्यानं म्हणायचीस.

मी वाचलं. अॅडमिट करायला तयार आहेत. यंगर वॉर्ड म्हणजे, मी तुला सांगितलं, लहान मुलांचा वॉर्ड. स्पेशल केअर म्हणजे डॉक्टर लक्ष ठेवतात ते. मी थांबलेसुद्धा नाही. आपल्या घरात अॅडमिट आणि वॉर्ड हे दोन्ही शब्द बाबांबरोबर आले होते ना. बाबांना ॲडमिट केलं. बाबा सहा नंबरच्या वॉर्डात आहेत. बाबा वॉर्डातून घरी आले ते चार माणसांच्या खांद्यावर. तू डाळीत हात घालून तशीच बसलीस. मग म्हणालीस, “वॉर्डात? माह्या छोटीले?” आणि सूप बाजूला ठेवून तिला मांडीवर ओढलंस. आठ वर्षांची, एवढी लांबडी पोरगी, तिचे पाय शेगडीपर्यंत जात होते.

काल मदत कक्षात तरुण मुलीनं मला पाणी आणून दिलं, “दीदी, बीपी बढ़ गया क्या?” म्हणाली. मी हो म्हटलं. पण काम तर पुरं करायचं होतं. मी ते पत्र त्या सुनेला ओळीखाली बोट धरून वाचून दाखवलं, आधी हिंदीत, मग आजीसाठी मराठीत. शाळेत एक खोली आहे, तिथे दिवसातून दोन तास तिच्यासारख्या मुलांना वेगळं शिकवतात, बाकी वेळ ती आपल्याच वर्गात बसेल. शाळेत फोन लावून सोमवारपासून येते म्हणून सांगितलं. आजी उठता उठता म्हणाली, “मंग पेन्शनचं फारमही भरूनच टाका, आलोच हाव तर.” तेही भरलं. निघताना ती मोठी नात मागे राहिली. चप्पल घालत असल्याचं सोंग करत होती. हळूच म्हणाली, “आंटी, वो मेरे कारण घर पर रही?” मी आयुष्यभर लोकांना धीर देत आले आहे, आई. माझ्याकडे त्यासाठी वाक्यं तयार असतात. त्यातलं एकही वापरलं नाही. मी म्हटलं, “तीन ही हफ़्ते, बेटा.” तिला ते काय कळणार! ती पायऱ्या उतरून धावत गेली.

घरी येऊन तुझं लोखंडी कपाट उघडलं. तू कागद फेकत नव्हतीस, हे मला माहीत होतं. बाबांचा मृत्यूचा दाखला, तुझा नोकरीचा आदेश, आणि त्यांच्या खाली तो लिफाफा. तू त्याच्यावर मराठीत पेन्सिलीनं लिहिलं होतंस, ‘छोटीचा अपमान’.  इतकी वर्षं हे कपाट माझ्या खोलीत आहे आणि मी ते पत्र परत कधी वाचलं नव्हतं. काय गरज होती? मीच तर वाचलं होतं.

त्यात असं आहे, आई. आता नीट सांगते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर लिहितात की तुमची धाकटी मुलगी रोज मोठीला सोडायला तुमच्याबरोबर फाटकापर्यंत येते, तिला मी पाहिलं आहे, माझ्याशी ती हसते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आम्ही अशा मुलांसाठी एक छोटा वर्ग सुरू करतो आहोत. सहाच मुलं असतील. तुमच्या धाकट्या मुलीला, ‘युअर यंगर वॉर्ड’ला, त्यात प्रवेश द्यायला आम्ही तयार आहोत. तुम्हाला कामावरून येणं अवघड असेल हे मी जाणते, तुम्ही म्हणाल त्या वेळी मी थांबेन. शेवटी हातानं एक ओळ लिहिली आहे, टाईप केलेली नाही. ती खूप हुशार आहे, फक्त तिला वेळ हवा.

खूप हुशार आहे. छोटीला असं कोणी म्हटलेलं मी पहिल्यांदा वाचत होते. ती आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. मागच्या वर्षी आमच्या त्या स्पेशल एज्युकेटर पोरीनं गंमत म्हणून तिच्याबरोबर बसायला सुरुवात केली, आणि चार महिन्यांत छोटी आपलं नाव लिहायला लागली. दुधाच्या पिशवीवर लिहिते, माझ्या पेपरच्या कडेला लिहिते, धुक्यानं भरलेल्या काचेवर लिहिते. तेव्हा मला किती आनंद झाला होता! मी जिलब्या वाटल्या होत्या. काल तीच गोष्ट परत आठवली. चार महिने लागले तिला, आई. फक्त चार महिने.

तू ते पत्र आलं त्या सोमवारपासून फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाहीस. मला सोडायला यायचीस ते रस्त्याच्या पलीकडे थांबायचीस, छोटीला पदराआड धरून. सातवीत मला इंग्रजीचं पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांच्या आया हॉलमध्ये बसल्या होत्या, तू बाहेर छत्री धरून उन्हात उभी होतीस, आणि मी बाहेर आल्यावर ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहून म्हणालीस, “चांगलं जाड हाय.” सिस्टरनी एकदा छोटीसाठी कापडी थैलीत रंगीत लाकडी मणी दिले होते, ओवायला. तू ती थैली माझ्या हातात परत दिलीस आणि म्हणालीस, “सांग त्या बाईले, आमच्या घरी येडं कोणी नाही.” मी दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या टेबलावर थैली ठेवली आणि म्हटलं, थँक यू सिस्टर, मदर म्हणते आमच्याकडे पुष्कळ खेळणी आहेत.  पुढे कधीतरी त्यांनी विचारलं होतं, तुझी आई आमच्यावर नाराज आहे का? मी म्हटलं, नाही सिस्टर, ती बिझी असते. तुम्हा दोघींमधला एक एक शब्द माझ्यातून जायचा. तुम्ही कधी एकमेकींशी बोललाच नाहीत. हिंदी दोघींनाही येत होतं.

आणि तू छोटीला घरीच शिकवलंस. मापट्यानं तांदूळ मोजायला, पापड उन्हात मोजून टाकायला, गोळे सारखे करायला. तिची पोळी माझ्या पोळीपेक्षा गोल होते. ऑफिसातून दमून यायचीस आणि तिला समोर बसवून एकच गोष्ट पन्नासदा दाखवायचीस, न चिडता. मी मॅट्रिकला असताना एकदा म्हटलं होतं, आई, छोटीला कुठल्या तरी शाळेत टाकून पाहू या का? तू पोळपाटावरून मान वर केली नाहीस. “शाळेनं काय लिहिलं होतं, इसरली काय? तूच वाचलं होतं न.” एवढंच बोललीस.  तू मला त्या दिवशी रागावलीस असं मी लोकांना सांगत आले आहे. तू रागावली नव्हतीस. तू फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होतास.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला. दहा वर्षांच्या मुलीची चूक, असं म्हणून हे पत्र इथेच संपवता आलं असतं, आणि कोणीही मला माफ केलं असतं. आमच्या मदत कक्षात अशी गोष्ट घेऊन कोणी बाई आली असती तर मीच तिला म्हटलं असतं, लेकरू होतं हो ते. पण लिहिता लिहिता एक दिवस पुढे येऊन उभा राहिला आहे, जो मी आत्तापर्यंत विसरले होते. खरोखर विसरले होते, आई, यावर विश्वास ठेव. पत्र सोमवारी आलं होतं. त्याच आठवड्यात शुक्रवारी वर्गात प्रोग्रेस रिपोर्टबरोबरची सूचना वाचली गेली. पालकांनी आपापल्या वॉर्डसह यावं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर करून विचारलं, मिस, वॉर्ड म्हणजे? आणि मिसनी आमच्याकडे बोट फिरवलं, यू, यू अँड यू. सगळा वर्ग हसला. मी तिसऱ्या बाकावर होते. मला कळलं. सगळं कळलं, अॅडमिट, यंगर, वॉर्ड, सगळं. पेन्सिल हातात होती, तिचं टोक मी बाकात दाबत राहिले, ते तुटलं.

त्या दिवशी घरी आले. तू विचारलंस, भूक लागली काय? मी हो म्हटलं आणि जेवले. गल्लीत मला सगळे ‘येडीची बहीण’ म्हणायचे, हे तुला माहीत होतं. लपंडाव खेळताना मी एका हातानं तिचा हात धरून लपायची आणि ती हसायची, म्हणून नेहमी मीच आधी सापडायची. शाळा ही एकच जागा होती जिथे मी कोणाची बहीण नव्हते. तिथे मी पहिल्या ओळीत उभी राहून प्रेयर म्हणायची. ती तिथे येणार नाही हे नक्की झालं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. दहा वर्षांच्या मुलीला किती कळतं, असं आता कोणी मला सांगू नये. मला कळलं होतं.

आज सकाळी मी हे लिहीत असताना छोटी येऊन बाजूला बसली. तिला आता कागद दिसला की त्यावर स्वतःचं नाव शोधायची सवय आहे. तिनं बोट ठेवत ठेवत विचारलं, “माहं हाय काय यात?” आहे म्हटलं. “वाच.” मी तिला सिस्टरचं पत्र वाचून दाखवलं, मराठीत, एकेक ओळ. शाळेनं तिला बोलावलं होतं, सहाच मुलं असणार होती, आणि ती खूप हुशार आहे असं सिस्टरनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. हुशार हे तिनं मला तीनदा वाचायला लावलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मंग मी गेली काहून नाही?” मी म्हटलं, कागद नीट वाचला गेला नाही. ती म्हणाली, “कोणी नाही वाचला?”

आई, मी म्हटलं, आईला इंग्रजी येत नव्हतं ना.